ऑनलाइन एमबीए करावं का? आधी त्या कागदाचं गिऱ्हाईक शोधा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत पाच-सात वर्षं नोकरी झालेल्या माणसाला हल्ली एक फोन हमखास येतो. ‘सर, तुम्ही एमबीएबद्दल इन्क्वायरी केली होती ना?’ इन्क्वायरी केलेली नसतेच, कुठल्यातरी जाहिरातीवर बोट लागलेलं असतं. घरबसल्या एमबीए, शनिवार-रविवार लेक्चर, महिन्याला सात हजारांचा हप्ता, आणि आज रात्री बाराच्या आत सीट बुक केली तर वीस टक्के स्कॉलरशिप. माणूस दोन दिवस विचारात पडतो आणि मग ओळखीतल्या कुणाला तरी विचारतो, ‘करू काय ओ?’ माझं रोजचं काम बायोडाटे चाळायचं, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे बराच येतो.

त्यावर मी उलटा प्रश्न टाकतो. हा कागद तुमच्याकडे मागणार कोण आहे? ‘मार्केटमध्ये व्हॅल्यू आहे’ हे उत्तर नको. कंपनीचं नाव सांगा, पद सांगा, जाहिरात दाखवा, निदान ‘आमच्या साहेबांनी मला असं सांगितलंय’ एवढं तरी सांगा. गिऱ्हाईक ठाऊक नसताना माल भरणारा दुकानदार लक्ष्मीपुरीच्या बाजारात सापडायचा नाही, पण दीड लाखाची पदवी मात्र लोक तशीच घेऊन बसतात.

‘मान्यता आहे’ म्हणजे नेमकं काय?

ऑनलाइन पदवी म्हणजे खोटी पदवी, असं अजूनही अनेकांच्या घरात मानलं जातं. ते चूक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी २०२० साली नियमावली काढली. तिच्यानुसार मान्यता मिळालेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी ही नेहमीच्या कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने हे पुन्हा एकदा जाहीर केलं. अशा पदवीवर पुढे पीएचडी, नेट वगैरेची दारं बंद होत नाहीत.

पण ‘विद्यापीठाला मान्यता आहे’ आणि ‘या विद्यापीठाच्या या कोर्सला, या सत्रासाठी, ऑनलाइन पद्धतीने शिकवायची मान्यता आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. फोनवरचा माणूस पहिलं वाक्य बोलतो, तुम्हाला दुसरं तपासायचं असतं. ते तपासायची जागा एकच, यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची म्हणजे ‘डेब’ची वेबसाइट. तिथे विद्यापीठाचं नाव, सत्र आणि कोर्स अशी यादी असते. जाहिरातीत न्याक या मूल्यांकन संस्थेची ए प्लस प्लस श्रेणी कितीही मोठ्या अक्षरात असू दे, त्या यादीत कोर्स दिसला नाही तर पुढचं बोलणंच नको.

दुसरी खूण सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून आली आहे. प्रवेश घेणाऱ्याला स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो, आणि त्यासाठी आधी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे तुमच्या शिक्षणाची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा आयडी लागतो, जो डिजिलॉकरमधून निघतो. हे तुमच्या नावाने, तुमच्या मोबाइलवरच्या ओटीपीने होतं. कुणी म्हणालं की ‘सर, आयडीबियडी काही लागत नाही, तुम्ही फक्त पेमेंट करा’, तर ते ऑनलाइन पदवीबद्दल बोलत नाहीयेत. सर्टिफिकेट कोर्सला एमबीएचा वास लावून विकणं हा एक वेगळाच धंदा आहे. ‘एक्झिक्युटिव्ह’, ‘मिनी’, ‘ग्लोबल’ असे शब्द नावात दिसले की शांतपणे विचारायचं: शेवटी हातात डिग्री मिळणार की सर्टिफिकेट? पावतीवर कोर्सच्या फीला अठरा टक्के जीएसटी लागला असेल तर तीही एक खूण समजा, कारण कायद्याने मान्य असलेल्या पदवीसाठी विद्यापीठ जे शिकवतं त्यावर जीएसटी माफ असतो. परदेशी विद्यापीठाची पदवी एखाद्या ॲपमार्फत घरबसल्या मिळेल, ही जाहिरात दिसली तर यूजीसीने अशा फ्रँचायझी व्यवहारातल्या पदव्या मान्य नसल्याचं जाहीरपणे बजावलेलं आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि ते दुसऱ्या मजल्यावरचं ‘अधिकृत सेंटर’. परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचा फ्लेक्स, आत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि ‘परीक्षेचं आम्ही बघतो’ असं सांगणारा गृहस्थ. दूरस्थ शिक्षणाची केंद्रं खासगी विद्यापीठाला आपल्या हद्दीबाहेर काढता येत नाहीत. ऑनलाइनला हद्द नसते, देशभरातून प्रवेश घेता येतो, पण मग ऑनलाइनला गल्लीत केंद्रही लागत नाही. म्हणजे तो गृहस्थ दोन्ही बाजूंनी नियमात बसत नाही.

बरोबरीची पदवी, तरी ‘चालत नाही’?

इथे खरी गुंतागुंत आहे आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. पदवी समकक्ष आहे याचा अर्थ कुणी तिला बोगस म्हणू शकत नाही. नोकरी देणाऱ्याने ‘मला पूर्णवेळ शिकलेलाच माणूस हवा’ अशी अट घातली, तर ती वेगळी गोष्ट.

सरळ उदाहरण घ्या. आपल्याकडे बँकेच्या परीक्षा देणारी पोरं घरटी एक. सरकारी बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत मार्केटिंग आणि एचआरच्या पदांसाठी जी पात्रता छापून येत आली आहे, तिच्यात एमबीए किंवा तत्सम पदवी ‘दोन वर्षं, पूर्णवेळ’ हवी असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नोकरी करत ऑनलाइन केलेलं एमबीए तिथे पूर्णवेळ ठरत नाही. उलट त्याच बँकांच्या पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला नुसती पदवी लागते, एमबीए असो वा नसो. एमपीएससीच्या राज्यसेवेलाही पदवीच पुरते. म्हणजे स्पर्धा परीक्षेसाठी म्हणून ऑनलाइन एमबीए करणारा तो कागद बहुतेक वेळा एकतर जिथे चालत नाही तिथे नेतो, नाहीतर जिथे लागत नाही तिथे.

खासगी कंपनीत अट अशी छापलेली नसते, पण चाळणी असतेच. नोकरीच्या वेबसाइटवर प्रोफाइल भरताना शिक्षणाखाली एक छोटा पर्याय येतो: फुल टाइम, पार्ट टाइम, करस्पॉन्डन्स किंवा डिस्टन्स. लोक बिनधास्त ‘फुल टाइम’वर टिक करतात. करू नका. यूजीसीच्या नियमाप्रमाणे ऑनलाइन आणि दूरस्थ पदवीच्या आणि गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची तारीख, पूर्ण केल्याची तारीख हे छापावं लागतं. आम्ही कागदपत्रं तपासताना पान उलटतो. शिवाय त्याच दोन वर्षांत तुमचा पीएफ कुठल्या कंपनीत जमा होत होता हेही दिसतं. ऑनलाइन एमबीए असलेल्याला मी कधी त्या कारणावरून नाकारत नाही. फुल टाइम लिहिलेल्याला मात्र विश्वासाचा प्रश्न येतो.

तासांचा हिशोब कुणी सांगत नाही

फीचा हिशोब सगळे करतात, वेळेचा नाही. या शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण तीस तासांचा अभ्यास धरतात: व्हिडिओ, वाचन, असाइनमेंट, चर्चा सगळं धरून. दोन वर्षांच्या पदव्युत्तर कोर्सला ८० क्रेडिट्स असतील तर २,४०० तास झाले. दोन वर्षांचे १०४ आठवडे. म्हणजे आठवड्याला तेवीस तास.

आता हे तेवीस तास कुठून काढणार ते सांगा. शिफ्ट आलटून-पालटून असलेल्या माणसाची सकाळ-संध्याकाळ एका आठवड्यात एक असते, पुढच्या आठवड्यात दुसरी. रविवार घरचा, नाहीतर गावाकडच्या शेताचा. जोतिबाची यात्रा, गणपती, दसरा, ऊस तोडणी हे सगळं वर्षाच्या मध्येच येतं. होतं काय, की माणूस व्हिडिओ दीडपट वेगाने पळवतो, हजेरीपुरती क्लिक करतो, असाइनमेंट ग्रुपवरून उचलतो आणि परीक्षेच्या आधी आठ दिवस पाठांतर करतो. पास होतो. पण मुलाखतीत मी ‘तुमच्या कंपनीचं वर्किंग कॅपिटल कुठे अडकलेलं असतं?’ असं विचारलं की गप्प. दोन वर्षं फायनान्स शिकलेल्या माणसाला आपल्याच कंपनीच्या या खेळत्या भांडवलाची, म्हणजे येणे रकमांची आणि मालसाठ्याची गोष्ट सांगता येत नसेल, तर कागदाने त्याची बाजू उलट कमकुवत केली असं मी म्हणेन.

याउलट आठवड्याला दहा-बारा तास खरोखर काढणारी माणसंही बघितली आहेत. डिस्पॅचला काम करणारा एक जण प्रत्येक असाइनमेंट आपल्याच कंपनीवर करायचा. विषय ऑपरेशन्सचा असो की कॉस्टिंगचा, उदाहरण स्वतःच्या फौंड्रीतलं: रिजेक्शन किती, वितळवायला वीज किती, कोणत्या गिऱ्हाइकाचं पेमेंट नव्वद दिवसांनी येतं. दुसऱ्या वर्षी तो मालकाच्या मीटिंगमध्ये आकडे घेऊन बसायला लागला. त्याची बढती झाली तेव्हा पदवीचा निकालही लागला नव्हता.

पैशाचा हिशोब

आकडे समजायला सोपे म्हणून धरतो. फी दीड लाख. हप्त्यावर घेतलं, चौदा टक्के व्याज, चोवीस महिने. हप्ता येतो साधारण ७,२०० रुपये, एकूण भरणा सुमारे १ लाख ७३ हजार. समजा या पदवीमुळे पगार महिन्याला तीन हजारांनी वाढला. पैसे वसूल व्हायला जवळपास अठ्ठावन्न महिने, म्हणजे पाच वर्षांना थोडे कमी. दहा हजारांनी वाढला तर दीड वर्षात वसूल. सगळा खेळ त्या वाढीच्या आकड्यावर आहे.

त्या आकड्यात एक चोरवाट असते. ‘आमच्या विद्यार्थ्यांचा पगार इतक्या टक्क्यांनी वाढला’ असं जाहिरात सांगते. पण पाच वर्षं अनुभवाचा माणूस कंपनी बदलतो तेव्हा पगार तसाही वाढतोच. पदवी नसती तरी जी वाढ मिळाली असती, ती वजा करा. उरेल तेवढंच पदवीचं. अनेकदा फार थोडं उरतं.

आता दुसरी बाजू, कारण ऑनलाइनची खरी ताकद इथे आहे. महिना पंचवीस हजारांची नोकरी सोडून दोन वर्षं पूर्णवेळ एमबीए केलं, तर फीच्या वर सहा लाखांचा पगार बुडतो. घरात हप्ते चालू असतील, आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर हे परवडणारं नाही. ऑनलाइनमध्ये पगार चालू राहतो. म्हणून ‘पूर्णवेळ चांगलं की ऑनलाइन’ या वादाला फारसा अर्थ नाही. ज्याचं वय बावीस आहे आणि घरची परिस्थिती दोन वर्षं ओढू शकते, त्याने सीईटी देऊन पूर्णवेळच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाजी विद्यापीठाचा विभाग आहे, १९७६ पासून चालू असलेली सायबर ही व्यवस्थापनाची संस्था आहे. तिथे वर्गातली पोरं, प्रोजेक्ट, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या हे सगळं मिळतं. बावीस वर्षांच्या, अनुभव शून्य असलेल्या पोराला ऑनलाइन एमबीए विकणं मला पटत नाही. व्यवस्थापन करायला आधी हाताखाली काहीतरी असावं लागतं.

हप्त्याबद्दल एक सूचना, आणि ती ठळक समजा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून जे असतं ते बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. विद्यापीठाला पैसे आधीच पोचलेले असतात. तुम्ही सहा महिन्यांत कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही, आणि चुकवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर बिघडतो. पुढे घराचं कर्ज काढायला जाल तेव्हा हे उकरून निघतं. कर्जच काढायचं तर बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. त्याच्या व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, मात्र जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

आणि स्वस्त पर्याय फोन करत नाहीत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्याचं विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे. १९८५ सालच्या इग्नूचं एमबीए खासगी ऑनलाइन विद्यापीठांच्या निम्म्याहून कमी पैशांत होऊ शकतं. शिवाजी विद्यापीठाचंही दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे. चकचकीत ॲप नसेल, पण तुमच्या गिऱ्हाइकाला फक्त ‘पदव्युत्तर पदवी’ हा रकाना भरून हवा असेल, तर त्या रकान्याला दोन लाख मोजायचं कारण नाही.

मग कुणी करावं?

मोठ्या कंपनीत असाल, आणि असिस्टंट मॅनेजरच्या वर जायला पदव्युत्तर पदवी लागते असं कंपनीच्या धोरणात लिहिलेलं असेल, तर करा. हे सर्वांत चांगलं कारण आहे. पण एचआरला आधी विचारा: ऑनलाइन चालतं का, कोणतंही विद्यापीठ चालतं का, आणि कंपनी फीचा काही भाग देते का. तिसरा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत. काही कंपन्या देतात, मात्र त्या बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेतात.

डिप्लोमा करून थेट एमआयडीसीत लागलेल्यांनी इथे थांबावं. आपल्याकडे अशी पोरं खूप. एमबीएला आधी पदवी लागते, नुसता डिप्लोमा चालत नाही. कुणी ‘डिप्लोमावर घेऊ, बॅकडेटचं बघू’ म्हणालं तर तो माणूस तुम्हाला थेट गुन्ह्यात ओढतोय. आधी मुक्त विद्यापीठातून पदवी, मग बाकीचं. तीन वर्षं जातात हे खरं, पण बढतीत अडलेल्या अनेकांना नुसत्या पदवीनेच वाट मोकळी होते आणि एमबीएची गरज उरत नाही.

लग्न, मुलं यांमुळे पाच-सहा वर्षं नोकरीतून बाहेर राहिलेल्या ताईंसाठी माझं मत जरा वेगळं आहे. बायोडाट्यातली रिकामी वर्षं मुलाखत घेणाऱ्याच्या डोळ्यात खुपतात, हे अन्यायाचं असलं तरी खरं आहे. अलीकडच्या तारखेची पदवी तिथे बोलायला काहीतरी देते. तेवढ्यासाठी कमी फीचा कोर्स पुरतो.

स्वतःचा व्यवसाय असलेल्यांना तर मी बहुतेक वेळा नकोच म्हणतो. उद्यमनगरात वडिलांचं मशीन शॉप, इचलकरंजीत माग, हुपरीत चांदीचं काम, राजारामपुरीत दुकान. पोरगा तीस वर्षांचा, आणि ‘एमबीए करून धंदा प्रोफेशनल करतो’ म्हणतो. तुमच्याकडे तो कागद मागणारं कुणीच नाही. बँक कर्ज देताना ताळेबंद बघते, गिऱ्हाईक दर आणि दर्जा बघतं. तुम्हाला हवं असतं ते म्हणजे कॉस्टिंग, जीएसटीचा परतावा, उधारीची वसुली आणि माणसं टिकवणं. यातला एकेक विषय सुटा शिकता येतो. सरकारच्या ‘स्वयम’ या पोर्टलवर व्यवस्थापनाचे आठ-बारा आठवड्यांचे कोर्स फुकट आहेत, परीक्षेची फी भरली तर प्रमाणपत्रही मिळतं. महिन्यातून एक दुपार आपल्या सीएसमोर वही घेऊन बसलात तर त्याचा उपयोग चौथ्या सेमिस्टरहून जास्त होईल.

लग्नाच्या बायोडाट्यात ‘एमबीए’ लिहिता यावं म्हणून करणारेही आहेत. हसू नका, तेही एक गिऱ्हाईकच आहे. फक्त त्यासाठी सर्वांत स्वस्त मान्यताप्राप्त कोर्स घ्या, मुलीकडचे विद्यापीठाची न्याक श्रेणी विचारत नाहीत.

अजूनही मन होत असेल तर फी भरायच्या आधी स्वयमवरचा एखादा व्यवस्थापनाचा कोर्स पूर्ण करून बघा. तोच कंटाळून सोडला तर दोन वर्षांचं काय होणार ते तुम्हाला बारा आठवड्यांत, एक रुपया न घालवता कळतं. प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, त्यामुळे ‘आज रात्री बारा’ला काही अर्थ नसतो. पुढचं सत्र येतंच.

आणि तो फोन पुन्हा आला तर चार गोष्टी ईमेलवर मागा: डेबच्या यादीतल्या त्यांच्या कोर्सची लिंक, सगळ्या सेमिस्टरची परीक्षा फी धरून एकूण रक्कम, मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतात त्याचा नियम, आणि ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे नेमकं काय. शेवटच्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘जॉब पोर्टलचं लॉगिन आणि बायोडाटा बनवायची कार्यशाळा’ एवढंच निघतं. विद्यापीठ स्वतः बोलत असेल तर चारही उत्तरं त्यांच्या अधिकृत ईमेलवरून येतील. व्हॉट्सॲपवर रंगीत पीडीएफ आली, तर विद्यापीठाचा अधिकृत नंबर शोधून तिथे थेट फोन लावा.